बंपरला नुसता तडा, मग एस्टिमेट एवढं का?

प्रश्न थोडक्यात असा: कमी वेगात गाडी पुढच्या गाडीवर आपटली. बंपरला तडा गेला, उजवा हेडलाइट ज्यावर बसतो त्यातली एक खुंटी तुटली, बोनेट एका बाजूला जरासं वर आलं. गाडी चालू होती, चालवतच गॅरेजपर्यंत नेली. दोन ठिकाणी एस्टिमेट घेतलं, तर एकाचा आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ निम्मा. महाग वाटलं तरी नावाजलेल्या ठिकाणी गाडी दिली, आणि बंपर उतरवल्यावर त्यांनी आकडा आणखी वाढवला. विमा कंपनी म्हणते हेडलाइट बदलायची गरज नाही, दुरुस्त होईल. यात फसवणूक कोण करतंय?

माझं रोजचं काम बॉडीशॉपमध्ये एस्टिमेट लिहिण्याचं आहे, म्हणून आधी निकाल सांगतो. बंपर उतरवल्यावर आकडा वाढला, एवढ्यावरून कुणाला लुटारू ठरवता येत नाही. उलट, काहीही न उघडता दिलेला ठाम आकडा बघितला की मला शंका येते. आणि दोन एस्टिमेटांच्या तळाशी असलेल्या बेरजांची तुलना करून काहीच हाती लागत नाही, कारण बहुतेक वेळा ती दोन वेगवेगळ्या कामांची एस्टिमेटं असतात. तुलना करायची तर ओळीला ओळ लावून करायची. स्वस्त कागदावर कोणती ओळ नाही, हे शोधलं की निम्मं कोडं सुटतं.

ज्याला आपण बंपर म्हणतो आणि ज्यावर ओरखडे पडतात ते प्लॅस्टिकचं कव्हर असतं, बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनच्या मिश्रणाचं. धडकेचा खरा मार झेलणारी यंत्रणा त्याच्या मागे आहे. कव्हरमागे फोमचा थर, त्यामागे पोलादी किंवा ॲल्युमिनियमची आडवी बीम, आणि बीमच्या दोन्ही टोकांना क्रॅश बॉक्स, म्हणजे धडकेत पेटीच्या भात्यासारखे घडीघडीने चेपणारे दोन डबे. त्यांच्या मागे एसीचा कंडेन्सर, रेडिएटर, पंखा, हॉर्न, बोनेटच्या लॉकची आडवी पट्टी. प्लॅस्टिक दबतं आणि पुन्हा उसळून जागेवर येतं. धातू येत नाही. त्यामुळे बाहेर वीतभर तडा आणि आत बीम आत गेलेली, हे आम्ही नेहमी बघतो. नेमकं उलटही होतं: कव्हर फाटून लोंबतंय आणि आत फोमलासुद्धा धक्का नाही.

तुमच्या वर्णनात मला तड्यापेक्षा बोनेटचं वर येणं जास्त महत्त्वाचं वाटतं. बोनेट स्वतः वाकलं नसेल आणि तरी एका बाजूला उचललं असेल, तर ते ज्याच्यावर टेकतं किंवा ज्यात अडकतं ते सरकलंय. लॉकची पट्टी मागे गेली असेल, बिजागरी हलली असेल, किंवा उजव्या बाजूचा अप्रन, म्हणजे चाकाच्या वरची आतली पत्र्याची भिंत, पुढून दाबली गेली असेल. अशा वेळी मी बोनेट उघडतो आणि टॉर्च घेऊन अप्रनवर जिथे दोन पत्रे जुळतात तिथल्या सीलंटची रेघ बघतो. कारखान्यात ती रेघ अखंड ओढलेली असते. तिच्यात केसाएवढी भेग असेल, किंवा शेजारच्या रंगावर बारीक सुरकुती असेल, तर मार तिथवर पोचलाय. मग बोनेट आणि फेंडर, म्हणजे चाकावरचा बाहेरचा पत्रा, यांच्यामधली फट दोन्ही बाजूंनी मोजायची. डावी आणि उजवी सारखी नसेल तर गाडी मोजणीच्या बेंचवर घेतल्याशिवाय कुठलाच आकडा लिहू नये. हे बंपर जागेवर असताना दिसणं कठीण असतं, म्हणून बंपर उतरवल्यावर त्याच गॅरेजचं वाढीव एस्टिमेट निघतं. आमच्याकडे त्याला सप्लिमेंट म्हणतात आणि तो कामाचा नेहमीचा भाग आहे.

गाडी एवढ्याशा धक्क्याने का मोडते, हा त्रागा मला रोज ऐकू येतो. ती मोडावी म्हणूनच तशी बनवलेली असते. पुढचा आणि मागचा भाग चेपून धडकेची ऊर्जा खाऊन टाकतो आणि माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहतो, ही कल्पना मर्सिडीज-बेंझच्या बेला बारेनी या अभियंत्याची. १९५९ मध्ये आलेली डब्ल्यू १११ ही ती कल्पना घेऊन बाजारात आलेली पहिली गाडी. तेव्हापासून पत्र्याचं नुकसान हा माणसाच्या बचावाचा मोबदला आहे. आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: ताशी १५ किलोमीटरच्या धडकेत जी ऊर्जा जिरवायची असते, ताशी ३० ला तिच्या चौपट. ‘वेग थोडासाच जास्त होता’ असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा तो ‘थोडासा’ बिलात मोठा होऊन येतो.

दुरुस्तीचा खर्च कमी राहावा म्हणूनही गाड्यांची चाचणी होते. विमा क्षेत्राशी जोडलेल्या संशोधन केंद्रांची आरकार ही आंतरराष्ट्रीय परिषद १९७२ पासून आहे. तिच्या कमी वेगाच्या चाचणीत गाडी ताशी १५ किलोमीटरने एका अडथळ्यावर आदळवतात, पुढच्या रुंदीचा साधारण ४० टक्के भागच त्यावर येतो. बांधणी चांगली असेल तर एवढ्या धक्क्यात मार क्रॅश बॉक्स आणि बीमपर्यंतच थांबतो. आमच्या धंद्यातली खर्चाची सगळ्यात मोठी सीमारेषा इथेच आहे. बीम आणि क्रॅश बॉक्स बऱ्याच गाड्यांत बोल्टने बसवलेले असतात: सोडवा, नवीन लावा, झालं. त्याच्या मागची लांब रेल, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा पुढचा दांडा, आणि अप्रन वेल्ड केलेले असतात. मार बोल्टच्या पलीकडे वेल्डपर्यंत गेला की मोजणी, ओढणं, कापणं, वेल्डिंग, गंजरोधक लेप, सीलंट, पुन्हा रंग अशी कामांची रांग लागते, आणि ते करण्यासाठी मधले इंजिनाभोवतीचे भाग सोडवून बाजूला ठेवावे लागतात. बंपर उतरवल्यावर तुमचा आकडा वाढला तो या रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हा पहिला प्रश्न विचारा.

पलीकडे असेल तर पोलादाबद्दल दोन गोष्टी माहीत हव्यात. गाडीत आज एकाच जातीचा पत्रा नसतो. बाहेरचं फेंडर साध्या पोलादाचं असतं आणि कसबी डेंटर ते सुंदर सरळ करतो. पण दारामधले खांब, काही गाड्यांत बीमसुद्धा, बोरॉनच्या पोलादाचे असतात. ते ९०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून साच्यातच दाबून झटकन थंड करतात, त्यामुळे त्याची ताकद सुमारे १५०० मेगापास्कलपर्यंत जाते. असा भाग वाकला की तापवून सरळ करायचा नसतो. गॅसची ज्योत लागली की ती ताकद निघून जाते. दिसायला भाग सरळ, रंगवलेला, चकचकीत, आणि पुढच्या अपघातात मऊ. म्हणून कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत लिहिलेलं असतं की कोणता भाग सरळ करता येतो, कोणता पूर्ण बदलायचा, आणि कापायचा असेल तर नेमका कुठे. स्वस्त एस्टिमेटात ‘ओढून सरळ करणे’ अशी ओळ दिसली तर कोणता भाग, कशाचा, आणि पुस्तिका काय म्हणते, हे विचारायला अजिबात संकोचू नका. मला स्वतःला या एका मुद्द्यावर तडजोड झालेली सहन होत नाही, कारण ती बिलात दिसत नाही आणि गाडीतही दिसत नाही.

मोजणीची गोष्ट सोपी आहे. गाडीखालच्या ठरावीक बिंदूंमधली अंतरं कंपनीच्या आकड्यांशी ताडून बघतात. साधारण ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, अर्थात कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर. आधीचा आणि नंतरचा असे दोन छापील कागद निघतात. मोजणीचे पैसे घेतले असतील तर तेही कागद मागा.

आता मजुरी. एस्टिमेटात लिहिलेले तास हे कारागिराने घड्याळ लावून मोजलेले नसतात. बहुतेक कामांना आधीपासून ठरलेले तास असतात, ते दराने गुणले जातात. पत्र्याचं काम, रंग, मेकॅनिकल आणि चेसिसची ओढणी यांचे दर वेगवेगळे असू शकतात. लोकांना सगळ्यात जास्त खटकतात त्या ‘काढणे व बसवणे’च्या ओळी. डावा हेडलाइट धड आहे, मग तो काढायचे पैसे कशाला? कारण तो काढल्याशिवाय फेंडरची कड नीट घासता आणि रंगवता येत नाही. चिकटपट्टी लावून रंग मारला की कडेला रंगाची पायरी राहते, आणि काही महिन्यांनी तिथूनच सालपट निघायला लागतं. ही ओळ जिथे आहे तिथे काम नीट करायचा इरादा आहे, असं मी समजतो.

फुगवटा शोधायचा असेल तर तो दुसरीकडे असतो. बंपर बदलायच्या तासांत बंपर काढणं धरलेलं असतं. हेडलाइट काढण्यासाठी बंपर काढावा लागतो, म्हणून तिथेही बंपरचे तास लावले, आणि बीम बदलायला पुन्हा लावले, तर एकाच कामाचे तीनदा पैसे झाले. याला ओव्हरलॅप म्हणतात आणि तो वजा व्हायला हवा. विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारा सर्व्हेअर पहिल्यांदा हेच बघतो. तुम्हीही बघू शकता, त्यासाठी यंत्रातलं काही कळावं लागत नाही: ‘बंपर’ हा शब्द मजुरीच्या रकान्यात किती वेळा आलाय ते मोजा.

रंगाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे प्रामाणिक गॅरेजवरही विनाकारण आळ येतो. ‘एक फेंडर बदललं, दार का रंगवलं?’ मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे अतिबारीक कण असतात. ते थरात कसे आडवे-तिरपे बसले त्यावर रंग उजळ दिसतो की गडद, आणि ते बसणं पेंटरच्या हाताच्या वेगावर, हवेच्या दाबावर, थर किती ओला होता त्यावर अवलंबून असतं. रंगाचा कोड तोच असला तरी उन्हात वापरलेल्या गाडीचा रंग कोडप्रमाणे राहिलेला नसतो. म्हणून नवीन फेंडरचा रंग शेजारच्या दारावर हळूहळू विरत नेतात आणि मग अख्ख्या दारावर क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, मारतात. क्लिअर कोट दाराच्या मध्येच थांबवला तर ती कड आज ना उद्या दिसतेच. मोत्यासारखी झाक असलेल्या तीन थरांच्या रंगात हे काम आणखी वाढतं. साधा, कणविरहित रंग असेल आणि गाडी नवी असेल तर मात्र शेजारचं दार रंगवण्याची गरज का आहे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आधी नमुन्याच्या पट्टीवर रंग मारून गाडीला लावून बघितला का, एवढंच विचारा.

कारखान्यातले रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. पुट्टी भरलेल्या जागी जाडी मोजणारा मापक लावला की आकडा कितीतरी पटीने वर जातो. गाडी परत घेताना हा मापक लावून बघण्याची मागणी करायला काहीच हरकत नाही, चांगलं गॅरेज स्वतः दाखवतं. रंगाचं साहित्य म्हणून जी वेगळी रक्कम असते, ती बहुधा रंगाच्या तासांवरच आकारलेली असते, म्हणून तास फुगले की तीही आपोआप फुगते.

दोन एस्टिमेटांमधला तुमचा दुपटीचा फरक कुठून आला असेल, याचा माझा पहिला अंदाज इलेक्ट्रॉनिक्स. तुमच्या गाडीत पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी किंवा आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असेल, तर तिचा रडार जाळीच्या किंवा बंपरच्या मागे असतो आणि कॅमेरा पुढच्या काचेच्या वरच्या बाजूला. रडारची पट्टी धक्क्याने एका अंशाने जरी वळली, तरी १०० मीटर पुढे त्याची नजर जवळजवळ पावणेदोन मीटर बाजूला जाते. म्हणजे शेजारच्या लेनमधली गाडी त्याला आपल्या समोर वाटू शकते. म्हणून कॅलिब्रेशन करतात, म्हणजे रडार आणि कॅमेऱ्याची नजर पुन्हा नेमकी लावतात. काही गाड्यांत समोर ठरावीक अंतरावर ठरावीक उंचीचे फलक मांडून, काहींत रस्त्यावर विशिष्ट वेगाने चालवून, काहींत दोन्ही. फलकांसाठी सपाट, मोकळी, नेमक्या उजेडाची जागा लागते, टायरची हवा आणि चाकांची अलाइनमेंट आधी बरोबर असावी लागते. बिलात ती एकच ओळ दिसते, पण तिच्यामागे अर्धा दिवस जाऊ शकतो. डॅशबोर्डवर दिवा पेटत नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. रडार चुकीच्या दिशेने बघतोय हे प्रत्येक वेळी रडारला स्वतःला कळत नाही.

याच कारणाने तडा गेलेलं बंपर वेल्ड करून वापरायचं की बदलायचं, याचं उत्तर तडा कुठे आहे त्यावर ठरतं. कडेला असेल तर प्लॅस्टिक वेल्डिंग उत्तम होतं आणि मी तेच सुचवतो. तो रडारच्या किंवा पार्किंग सेन्सरच्या समोर असेल तर तिथली पुट्टी आणि रंगाचे जादा थर लहरींच्या वाटेत येतात, आणि गाड्या बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या तिथे दुरुस्ती करूच देत नाहीत.

काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर गाडीचं स्कॅनिंग हवं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेले दोष यंत्र लावून वाचायला हवेत. आधीच्या अहवालाचा तुम्हालाच फायदा: अपघाताशी संबंध नसलेला जुना दोष तुमच्या माथी लागत नाही आणि गॅरेजच्याही नाही. एअरबॅग उघडल्या असत्या तर हे उत्तर वेगळंच झालं असतं. बॅगांसोबत पट्टे आवळणारे प्रीटेन्शनर एकदाच वापरायचे असतात, कधी डॅशबोर्ड फाटतो, कंट्रोल युनिटही बऱ्याचदा बदलावं लागतं, आणि जुन्या गाडीत एवढ्यानेच खर्च गाडीच्या किमतीजवळ जातो. तुमच्या बॅगा उघडल्या नाहीत, पण पट्टे सुरळीत गुंडाळले जातात का ते बघायला सांगा. प्रीटेन्शनर कधीकधी बॅगेशिवायही सुटतात.

हेडलाइटच्या बाबतीत विमा कंपनीचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता आहे. काच आणि कवच शाबूत असेल आणि फक्त खुंटी गेली असेल, तर गाड्या बनवणाऱ्या काही कंपन्या स्वतःच त्या खुंटीचा दुरुस्ती-संच विकतात, स्क्रूने बसणारा. तो मिळत असेल तर अख्खा एलईडी हेडलाइट बदलणं ही उधळपट्टी आहे, मग पैसे कुणाच्याही खिशातले असोत. संच मिळत नसेल आणि कुणी खुंटी गोंदाने चिकटवतो म्हणत असेल, तर नाही म्हणा. थरथरीने ती सुटते आणि प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. कवचाला बारीकशी चीर असेल तर आत ओल धरते. तसं असेल तर बदलाच, आणि चिरेचा फोटो सर्व्हेअरला पाठवा.

सुट्या भागांची जात एस्टिमेटात लिहिलेली असली पाहिजे: गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, त्याच पुरवठादाराचा पण कंपनीच्या शिक्क्याशिवायचा, तिसऱ्याच उत्पादकाचा, की वापरलेला. ही जात न लिहिता नुसतं ‘बंपर’ लिहिलं असेल तर ती तुलना निरर्थक आहे. मला विचाराल तर बोनेट, फेंडर, दार हे वापरलेले पण धड मिळाले तर खुशाल घ्या, कित्येकदा ते स्वस्त नकलेपेक्षा फटीला चांगले बसतात. क्रॅश बॉक्स आणि बीम मूळ कंपनीचेच. एअरबॅग आणि सीटबेल्ट वापरलेले कधीच नाहीत. कंडेन्सर बदलला असेल तर एसीचा गॅस कोणता हेही बघा. नव्या गाड्यांमधला आर-१२३४ वायएफ जुन्या आर-१३४ ए पेक्षा बराच महाग असतो, आणि ती ओळ पाहून लोक उगाच दचकतात.

खर्च वाढत वाढत गाडीच्या अपघातापूर्वीच्या किमतीच्या जवळ गेला, तर विमा कंपनी टोटल लॉस, म्हणजे गाडी दुरुस्त करणं परवडत नाही असं, ठरवू शकते. ती मर्यादा पॉलिसीवर आणि त्या त्या ठिकाणच्या नियमांवर असते. तुमच्या वर्णनावरून तुम्ही त्याच्या आसपासही नसावेत. पण गाडी जुनी असेल तर सप्लिमेंट मंजूर होण्याआधीच ही मर्यादा विचारून घ्या, म्हणजे पार्ट मागवल्यानंतर घोळ होणार नाही.

आता काय करायचं ते सांगतो. गाडी दिली आहे तिथे जा आणि वाढीव एस्टिमेटातल्या प्रत्येक नव्या ओळीचा फोटो मागा, बंपर उतरवल्यानंतर काढलेला. वाकलेल्या बीमचा फोटो काढायला कुणालाच जड जात नाही. ज्या ओळीला फोटो नाही तिच्यावर सही करू नका. मग ते वाढीव एस्टिमेट घेऊन पहिल्या, स्वस्त गॅरेजकडे जा आणि एवढंच विचारा: हीच कामं तुम्ही करणार असाल तर तुमचा आकडा काय? तो आकडा दुसऱ्याच्या जवळ आला तर तुम्हाला उत्तर मिळालं. तरीही खूप कमी राहिला तर स्कॅनिंग, कॅलिब्रेशन, मोजणी आणि भागांची जात या चार जागा बघा, फरक बहुधा तिथेच सापडेल. आणि खरोखरच सगळं तेच करून दर कमी असेल, तर तिथे काम करून घ्यायला माझी काहीच हरकत नाही. छोट्या गॅरेजांत अतिशय चांगले डेंटर आहेत आणि ते कॅलिब्रेशन बाहेरून करून घेतात.

काढलेले जुने भाग बघायला ठेवायला आधीच सांगा, नंतर ते भंगारात गेलेले असतात. गाडी दिवसा, उघड्यावर बघून घ्या, रंगकामाच्या बूथच्या दिव्यांखाली रंगातला फरक लपतो. बोनेटची फट दोन्ही बाजूंनी बघा, हेडलाइट अंधारात भिंतीवर टाकून दोन्हींची उंची ताडा, आणि कॅलिब्रेशनचा अहवाल तुमच्या गाडीचा नंबर आणि तारीख घालून हातात पडेपर्यंत बिलाचा शेवटचा हप्ता थांबवा.